२ जीबी रॅमवाल्या लॅपटॉपवर अँटीएक्स टाकून बघितलं

माळ्यावर पडलेला जुना लॅपटॉप, २ जीबी रॅम, कुरकुरणारी हार्ड डिस्क, भंगारातच देणार होतो पण म्हटलं एकदा अँटीएक्स हे हलकं लिनक्स डिस्ट्रो (लिनक्सचा एक तयार संच) टाकून बघू. पेनड्राइव्हवरून लाइव्ह (म्हणजे इन्स्टॉल न करता) चालू केलं आणि खरं सांगतो चाटच पडलो, डेस्कटॉप आल्यावर रॅम जेमतेम २०० एमबीच्या आसपास! डेबियन या लिनक्सवर बेतलेलं आहे पण सिस्टमडी (मशीन चालू होताना बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) नाही, वर ग्नोम-केडीई अशा जड डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएम हा साधा विंडो मॅनेजर, म्हणून एवढं हलकं. दिसायला अगदीच जुनाट वाटतं, असू दे, पळतंय ना.

खरी गोची ब्राउझरची. चार टॅब उघडले की रॅम फुल, मग डिस्कवर स्वॅप (रॅममध्ये न मावणारा डेटा डिस्कवर टाकणं) सुरू होतं आणि माउसचा बाण जागच्या जागी थिजतो, आता त्याला बिचारं डिस्ट्रो तरी काय करणार. झेडरॅम चालू केल्यावर जरा बरं झालं, ते रॅममध्येच डेटा दाबून बसवतं त्यामुळे डिस्कला कमी हात लागतो. व्हिडिओ ४८० पीच्या वर नेला की पंखा बोंबलतो. वायफाय कार्ड जुनं, त्याचं फर्मवेअर (कार्ड चालायला लागणारं सॉफ्टवेअर) शोधण्यात अर्धा दिवस गेला, तेही केबलने नेट लावून. टायपिंग, पीडीएफ, गाणी एकदम मस्त. आता एसएसडी बसवतोय.