१८ व्होल्टचा ड्रिल पॅक घरी बांधून आठ महिने: सेल टिकले, गंजली ती पट्टी

१८६५० आकाराचे दहा लिथियम-आयन सेल, दोन-दोनच्या (पॅरलल) पाच जोड्या सिरीजमध्ये. असे दोन पॅक मे महिन्यात बांधले आणि अख्खा पावसाळा ड्रिल व इम्पॅक्ट ड्रायव्हरला चालवले. काम नेहमीचेच: चिऱ्याच्या भिंतीत ब्रॅकेट, चवथीआधी मखराच्या चौकटी, फणसाच्या फळ्यांत लांब स्क्रू. एवढ्या काळात सेलनी कुठेच दगा दिला नाही. जे बिघडले ते सगळे सेलच्या बाहेरचे, आणि कारण एकच, किनाऱ्याची खारी दमट हवा.

सेल सॅमसंगचे २५आर. एकाची क्षमता २५०० एमएएच, सतत २० अँपिअर देणारे. जोडीचे ५ एएच होतात. बाजारात ‘९८०० एमएएच’ छापलेले सेलही मिळतात, त्यांना हात लावू नका. या आकारात ३५०० च्या आसपास मर्यादा संपते. अस्सल सेल काट्यावर ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, बनावट बहुधा बराच हलका लागतो. पण अस्सल ३५०० वालाही ड्रिलला नको. तसले सेल साधारण ८ ते १० अँपिअरचे असतात. ट्रिगर पूर्ण दाबला की व्होल्टेज कोसळतो आणि पॅकमधला संरक्षक बोर्ड (बीएमएस) पॅक बंद करतो.

जोड्या लावण्याआधी प्रत्येक सेल टेस्टर चार्जरवर पूर्ण भरून, रिकामा करून मोजा. पॅरलल जोडताना दोघांचा व्होल्टेज जवळपास सारखाच हवा, नाहीतर एक दुसऱ्यात जोराने करंट ओततो. ‘बॅलन्सवाला बीएमएस आहे, तो सांभाळेल’ असे म्हणून हा टप्पा गाळणारे फसतात. असे बोर्ड जोड्यांमधला समतोल साधारण ६० मिलीअँपिअरनेच साधतात. एक जोडी २५० एमएएचने मागे असेल तर चार तासांहून अधिक लागतील, आणि चार्जर तर त्याआधीच थांबलेला असतो.

आता सेल एकमेकांना जोडणारी, स्पॉट वेल्डने लावलेली पट्टी, कारण सगळा फरक इथेच पडला. पहिल्या पॅकला शुद्ध निकेलची ०.१५ मिमी जाड, ८ मिमी रुंद पट्टी होती. दुसऱ्याला ‘निकेल’ म्हणून विकलेली, प्रत्यक्षात निकेलचा मुलामा दिलेली स्टीलची. सप्टेंबरात दुसरा पॅक उघडला तेव्हा वेल्डच्या प्रत्येक ठिपक्याभोवती तांबूस कडा होती. मुलामा तिथेच जळतो आणि गंज तिथूनच शिरतो. स्टीलचा रोध मुळातच जास्त, त्यात गंज, त्यामुळे त्या पॅकवर ड्रिल भाराखाली लवकर दमायचा आणि पट्ट्या हाताला गरम लागायच्या. लोहचुंबकाने ही फसवणूक कळत नाही, निकेलही चिकटते. तुकडा कानशीने खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी पाणी तांबूस झाले तर ते स्टील.

दोन जोड्यांमधला मुख्य प्रवाह नेणारी पट्टी दुहेरी घाला, कारण ड्रिल अडकला की ३० अँपिअर सहज ओलांडतो. वेल्ड तपासायला पक्कडीने पट्टी ओढा: पट्टी फाटून ठिपके सेलवरच राहिले तर वेल्ड पक्का. थेट सोल्डरिंग करू नका, उष्णतेने धन टोकाचे सील बिघडते. धन टोकाला फिशपेपरची (वीजरोधक जाड कागदाची) चकती हवीच. सेलचा डबा ऋण असतो आणि त्याची कड धन टोकापासून जेमतेम मिलिमीटरभर दूर असते. वरचे पातळ आवरण फाटले की सरळ शॉर्ट.

जुन्या पॅकमधले मूळ बोर्ड लॉक झाले होते, म्हणून ५एस (सिरीजमधल्या पाच जोड्यांसाठीचे), ४० अँपिअरचे बीएमएस लावले. जोड्यांपासून बोर्डाकडे जाणाऱ्या तारांत ऋण टोकाची तार आधी, मग चढत्या क्रमाने. कनेक्टर खोचण्यापूर्वी ऋण टोकापासून साधारण ३.६, ७.२, १०.८, १४.४, १८ व्होल्ट असे चढते आकडे मीटरवर दिसलेच पाहिजेत. एक तार चुकली तर बोर्ड जाऊ शकतो. जोडूनही आउटपुट शून्य दाखवले तर घाबरू नका, काही बोर्ड चार्जर लावल्यावरच जागे होतात. जुन्या पॅकमधला तापमानाचा सेन्सर मधल्या सेलना चिकटवून पुन्हा वापरा. त्याच्याशिवाय मूळ चार्जर चार्जिंग सुरूच करत नाही.

दमटपणासाठी बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचे (ओलावा अडवणाऱ्या लेपाचे) दोन हात दिले, फक्त संपर्काच्या पात्या टेपने झाकून. तारा धरायला सिलिकॉन वापरत असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारे टाळा, त्यातल्या आम्लाने तांबे हिरवे पडते. न्यूट्रल प्रकारचे घ्या. पावसात पात्यांवर हिरवट थर येतोच. महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला तर पुरतो.

शुद्ध निकेलचा पॅक आजही पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट दाखवतो आणि पाचही जोड्यांतला फरक ०.०२ व्होल्टच्या आत आहे. दुसऱ्याच्या पट्ट्या काढून तेच सेल नव्या निकेलने बांधले. वेल्ड उचकटताना एका सेलचा डबा टोचला गेला, तेवढा एक बदलावा लागला. जुन्या पॅकमधले जे सेल दोन व्होल्टच्या खाली जाऊन पडून राहिले होते ते पुन्हा भरायचा प्रयत्न केला नाही, कारण आत तांबे विरघळून पुढे शॉर्ट होण्याचा धोका राहतो. त्यांची टोके टेपने झाकून ते वेगळ्या डब्यात ठेवले आहेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ते घरच्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकता येत नाहीत.