‘मेरिनो’च्या भावात खताचे पोते: हिवाळी सायकलिंगच्या पॅन्टने मला कसे गंडवले

गेल्या डिसेंबरात सायकल चालवताना पाय उबदार राहावेत म्हणून मी दोन पॅन्टी मागवल्या आणि त्यांच्यापायी माझे एकूण १२,७९७ रुपये गेले. त्यांतले २,७९८ रुपये पॅन्टींचे होते आणि उरलेले ९,९९९ रुपये त्या पॅन्टी परत करण्याच्या खटपटीत गेले. पहिली रक्कम माझ्या हौसेची होती असे म्हणता येईल, दुसरी मात्र निव्वळ माझ्या चिडीची. अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी या पट्ट्यात जाड टायरच्या गियर सायकली घेऊन सकाळी बाहेर पडणारी मंडळी आता बरीच दिसतात आणि दिवाळी सरली की त्यांच्या मोबाइलवर याच जाहिराती फिरू लागतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बाहेरच्या माणसाला विदर्भ म्हटले की मे महिना आठवतो, त्यामुळे इथे सायकलस्वाराला लोकरीची पॅन्ट कशाला हवी, असे त्याला वाटणे साहजिक आहे. परंतु याच विदर्भात, खुद्द नागपुरात, २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आमचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी असल्याने हिवाळ्यात पहाटे अंग काकडते. त्यातही थंडी सगळीकडे सारखी नसते. रात्री जड झालेली गार हवा उतारावरून वाहत येऊन सखल जागी साचते, त्यामुळे पांदण रस्त्याने जाताना नाला आला की कमरेपासून खाली पाण्यात उतरल्यासारखे वाटते आणि पलीकडचा चढ चढला की पुन्हा जरा बरे वाटते. पांदणीच्या दोन्ही बाजूंचे गवत दहिवराने निथळत असते आणि अर्ध्या तासात नडग्या ओल्याचिंब होतात. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते, म्हणून ओली सुती पॅन्ट घालून वाऱ्यात बसणे हे काहीच न घालण्यापेक्षा फारसे बरे नसते.

खरी परीक्षा चिखलदऱ्याच्या घाटात होते. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे वर जाताना सुमारे ७०० मीटरची उंची चढावी लागते आणि त्या चढावर थंडी जाणवतच नाही, उलट पाठीवरून घामाच्या धारा लागतात. उतरताना मात्र मांड्यांना काम उरत नाही, अंग घामाने भिजलेले असते आणि समोरून वारा आदळत असतो. तापमान ८ अंश असताना ३५ किलोमीटरच्या वेगाने उतरले, तर उघड्या कातडीला ते सुमारे ४ अंशांसारखे जाणवते. मांडीला निदान मांसाचे पांघरूण असते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कातडीखाली लगेच वाटी आणि तिला धरणारे स्नायुबंध असतात, आणि याच सांध्याला मिनिटाला ७०-८० वेळा वाकावे लागते. गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस उतारावरून परतल्यावर माझा उजवा गुडघा दोन दिवस करकरत होता. तेवढ्यावरून मी मोबाइलवर शोधाशोध केली आणि दुसऱ्याच दिवसापासून जाहिराती सुरू झाल्या.

जाहिरातीत बर्फाळ डोंगरावर सायकल चालवणारा गोरा माणूस होता आणि त्याच्या पायांत काळी, आतून लव असलेली पॅन्ट होती. ‘शंभर टक्के मेरिनो लोकर, वारारोधक, गुडघ्यावर दुहेरी थर’ असे वर्णन होते. मूळ किंमत ५,९९९ रुपये खोडून १,३९९ रुपये लिहिली होती आणि खाली लाल अक्षरांत ‘फक्त ७ नग शिल्लक’ असे लुकलुकत होते. घरी माल आल्यावर पैसे देण्याची सोय होती, परंतु त्यासाठी दीडशे रुपये जादा लागणार होते. मी दोन पॅन्टींचे पैसे आगाऊ भरले. इथे माझी मलाच लाज वाटते, कारण माझा संत्र्याचा बगीचा आहे आणि आंबिया बहाराचा सौदा करताना ओळखीच्या व्यापाऱ्यालासुद्धा इसार हातात पडल्याशिवाय मी झाडाला हात लावू देत नाही. असा मी, ज्याचा पत्ता ठाऊक नाही, दुकान पाहिलेले नाही, नावही नीट वाचलेले नाही, त्याला एका बोटाने पूर्ण रक्कम देऊन मोकळा झालो.

अकरा दिवसांनी पार्सल आले. पॅन्ट हातात घेताच ती हलकी वाटली, पण आतली लव मऊ होती आणि ‘मेरिनो बारीकच असते’ असे मी स्वतःला समजावले. एका अर्थी ते खरेही होते. मेरिनो मेंढीचा धागा आपल्याकडच्या घोंगडीच्या लोकरीपेक्षा कितीतरी बारीक असतो, म्हणूनच तो टोचत नाही. फसवणारा माणूस असे अर्धे खरे आपल्यासाठी मुद्दाम ठेवतो की काय, कोण जाणे. त्या रविवारी मी ती घालून घाट चढलो. उतरताना पहिल्याच वळणावर वारा पॅन्टमधून असा आरपार गेला, जणू पायांवर मच्छरदाणी गुंडाळली होती. चढताना आलेला घाम लवेला चिकटून गार झाला होता. धामणगाव गढीला पोहोचेपर्यंत गुडघे इतके ताठरले की सायकलवरून उतरल्यावर चहाच्या टपरीचा खांब धरून उभे राहावे लागले. जांघेजवळची शिवण तेवढ्यात उसवली होती, ते घरी आल्यावर दिसले.

घरी आईने पॅन्ट हातात घेतली, आतली लव अंगठ्याने चोळली आणि काही न बोलता शिवणीतले दोन-तीन धागे ओढून काढले. आयुष्यभर कापूस वेचलेली आणि रोज देवापुढे वात वळणारी ती बाई धागा ओळखण्यात आमच्यापैकी कोणापेक्षाही तरबेज आहे. चिमट्यात धरलेला पॅन्टचा धागा दिव्याच्या ज्योतीजवळ नेताच आधी मागे आकसला, मग वितळून ठिबकला आणि टोकाला काळा, टणक मणी उरला. नंतर तिने वडिलांच्या जुन्या लोकरी स्वेटरचा धागा धरला. तो हळूहळू चुरचुरत जळला, केस जळल्याचा वास सुटला आणि उरलेली काजळी बोटांत चुरताच तिची भुकटी झाली. कापसाची वात कागदासारखी जळते हे तर सगळ्यांना माहीत आहे. तो मणी नखाने टोकरत आई म्हणाली, “हे काही लोकर नाही बाप्पा, हे तं खताचं पोतं जयल्यासारखं जयते.”

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कृत्रिम धागा म्हणजे फसवणूक, असे माझे म्हणणे नाही. सायकलच्या कितीतरी चांगल्या हिवाळी पॅन्टी पॉलिस्टर आणि इलास्टेन या ताणणाऱ्या धाग्याच्याच असतात, आणि त्या घाम बाहेर टाकण्यात सुतापेक्षा कितीतरी सरस ठरतात. लोकरीचा गुण वेगळा आहे. ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही आणि म्हणून भिजल्यावरही थोडीफार ऊब देते. फसवणूक अशी की मला लोकर सांगून पॉलिस्टर दिले गेले, तेही विरळ विणीचे, आणि वारा अडवणारा जो थर गुडघ्यावर असल्याचे छापले होते तो मुळातच नव्हता. दुहेरी थर म्हणजे वरून मारलेली नक्षीची शिवण होती. मी ती उसवून पाहिली.

मग पाकीट पुन्हा काढले. पाकीटबंद मालावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किंमत, महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे २०११ च्या वैधमापन नियमांनुसार आवश्यक आहे. माझ्या पाकिटावर एक इंग्रजी शब्द आणि ‘एल’ एवढेच होते. ई-मेलने आलेल्या बिलावर जीएसटी क्रमांक होता, पण अंक-अक्षरे मोजली तर ती १४ भरली. हा क्रमांक १५ अंक-अक्षरांचा असतो, त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात (महाराष्ट्राचे २७) आणि पुढची दहा अंक-अक्षरे म्हणजे व्यवसायाचा पॅन असतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकून नाव तपासायला एक मिनिट लागते. मी ते मिनिट पैसे भरून पंधरा दिवस झाल्यावर काढले.

इथवर नुकसान सोसण्याजोगे होते. दुसरी चूक त्याहून मोठी ठरली. विक्रेत्याच्या पानावर दिलेला मोबाइल क्रमांक बंद लागत होता, म्हणून मी त्या नावापुढे ‘कस्टमर केअर’ लिहून शोधले आणि जो पहिला क्रमांक दिसला त्यावर फोन केला. पलीकडचा मुलगा हिंदीत अतिशय अदबीने बोलत होता, मला ‘अंकल’ म्हणत होता आणि माल निकृष्ट निघाल्याबद्दल त्याने माझ्याआधीच खेद व्यक्त केला. परतावा थेट खात्यात येईल, पण ‘पडताळणीसाठी’ एक अ‍ॅप घ्यावे लागेल, असे तो म्हणाला. त्या अ‍ॅपने माझ्या मोबाइलचा पडदा त्याला दिसू लागला, हे मला नंतर कळले. मग त्याने पैसे पाठवण्याचे पान उघडायला लावले आणि रकमेच्या चौकटीत ‘रिफंड कोड’ म्हणून ९९९९ टाकायला सांगितले. मी तो आकडा कोड म्हणून टाकला, पिन टाकला आणि खात्यातून ९,९९९ रुपये वजा झाल्याचा संदेश आला. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो देण्यासाठी लागतो. हे मला ठाऊक होते. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना मीच ते शिकवले होते. पण त्या क्षणी डोक्यात फक्त ‘त्याच्याकडून वसूल करायचे’ एवढेच होते.

“अंकल, चुकून गेले, आता तेवढाच कोड पुन्हा टाका, दोन्ही परत येतील,” असे तो म्हणाला तेव्हा मी फोन ठेवला. अ‍ॅप काढून टाकले, पिन बदलला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला. या सगळ्यात जेमतेम पाऊण तास गेला असेल. तेवढ्यात रक्कम दोन खात्यांतून पुढे सरकली होती. मधल्या एका खात्यात ४,००० रुपये गोठवल्याचे पुढे कळले, परंतु ते अजून माझ्या हाती आलेले नाहीत. बँकेने सांगितले की व्यवहार मी स्वतः पिन टाकून केलेला असल्याने त्याची जबाबदारी बँकेवर येत नाही, आणि नियम पाहता त्यांचे चूक म्हणता येत नाही. पॅन्टींची तक्रार मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे विक्री करणाऱ्या प्रत्येक संस्थेने तक्रार अधिकारी नेमून तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते. पण ज्याला पत्ताच नाही त्याला पोच मागायची कुठे? ओळखीच्या मोठ्या दुकानावरून किंवा नाव-गाव असलेल्या विक्रेत्याकडून घेतले असते, तर याच हेल्पलाइनचा उपयोग झाला असता.

यंदा मी अमरावतीला एका सायकलच्या दुकानात स्वतः जाऊन गुडघ्याचे वॉर्मर, म्हणजे गुडघ्यावर चढवायच्या उबदार बाह्या, घेतले. दुकानदाराला विचारून दारात उभा राहिलो, कापड प्रकाशासमोर ताणून पाहिले, तोंडाला लावून जोरात फुंकर मारली आणि पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा लागतो का ते पाहिले. पुढच्या बाजूने लागला नाही, मागच्या बाजूने थोडा लागला, आणि ते तसेच असायला हवे, कारण गुडघ्यामागून घाम बाहेर पडला पाहिजे. मांडीवर ते घसरू नये म्हणून आत सिलिकॉनची पट्टी असते, तीही चाचपून घ्यावी. चढताना मी ते घोट्यापर्यंत खाली ढकलतो आणि घाट माथ्याला आला की थांबून वर ओढतो. उतारासाठी वर एक पातळ विंडचीटरची पॅन्ट घालतो, ती घडी करून खिशात मावते. दहिवराच्या दिवसांत नडगीपुढे वर्तमानपत्राचा दुपदरी कागद खोचतो. सायकलस्वारांची ही फार जुनी युक्ती आहे आणि रद्दीच्या भावात यापेक्षा चांगले वारारोधक मिळत नाही.

पांदणीतल्या रोजच्या फेरीसाठी मात्र विकत घेतलेले काहीच वापरत नाही. आईने वडिलांच्या त्याच जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून, वरच्या तोंडाला इलास्टिक घालून दिले आहे. त्या जराशा टोचतात आणि रंग कत्थई असल्याने तरणी पोरे हसतात, पण नाल्यात उतरताना गुडघ्याला गारवा कळत नाही.

मागच्या आठवड्यात ती जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवे होते, बर्फातला गोरा माणूस तोच होता. जाहिरातीखालची ‘तक्रार करा’ ही कळ मी दाबली आणि दोन दिवसांनी मुद्दाम पुन्हा पाहिले. किंमत शंभर रुपयांनी वाढली होती आणि फक्त ७ नग शिल्लक होते.