अमेरिकेच्या तुरुंगातून दावा: फी एकरकमी भरावी की हप्त्यांनी?

अमेरिकेत तुरुंगात असलेल्या आपल्या माणसाला औषधोपचार नाकारले गेले, मारहाण झाली, आणि त्याला फेडरल (केंद्रीय) कोर्टात दावा लावायचा आहे, अशा वेळी घरच्यांसमोर आधी फीचा प्रश्न उभा राहतो. एकरकमी भरली तर ४०५ डॉलर. फी एकदम भरण्याइतके पैसे नाहीत असा, म्हणजे गरिबीचा, अर्ज मंजूर झाला तर त्यातलं ५५ डॉलरचं प्रशासकीय शुल्क लागत नाही, पण उरलेले ३५० द्यावेच लागतात. १९९६ च्या कैदी दावा सुधारणा कायद्यापासून कैद्याला फी माफ होत नाही, फक्त हप्ते बांधून मिळतात. आपल्याकडे कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते, म्हणून तिथेही तसंच असेल असं धरून चालू नका.

हप्त्यांचा हिशेब असा: तुरुंगातल्या खात्याचा मागच्या सहा महिन्यांचा प्रमाणित उतारा जोडायचा. दरमहा सरासरी जमा किंवा सरासरी शिल्लक, यांपैकी जे जास्त असेल त्याचे २० टक्के हा पहिला हप्ता. पुढे खात्यात १० डॉलरपेक्षा जास्त असतील तेव्हा मागच्या महिन्याच्या जमेतले २० टक्के कापले जातात. तुम्ही साबण-फोनसाठी पाठवलेले पैसेही जमेतच धरतात. दोन दावे असतील तर ४० टक्के जातात. २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्णय दिला आहे. खात्यात काहीच नसेल तर मात्र तेवढ्यावरून दावा अडवता येत नाही.

एकरकमी फी भरली की ही कापाकापी टळते. पण समन्स बजावण्याची जबाबदारी कैद्यावर येते, तीही साधारण ९० दिवसांत. कोठडीत बसून अधिकाऱ्यांचे पत्ते शोधणं किती अवघड आहे, विचार करा. गरिबीचा अर्ज मंजूर असेल आणि दावा छाननीत टिकला, तर हे काम कोर्ट मार्शलकडून, म्हणजे कोर्टाचे आदेश बजावणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडून, करून घेतं. माझ्या मते ५५ डॉलरपेक्षा हा फायदा कितीतरी मोठा आहे.

पैसे भरले म्हणजे दावा फेटाळला जाणार नाही, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. सरकारी अधिकाऱ्यांविरुद्धचा कैद्याचा दावा फी भरली असो वा नसो, न्यायाधीश सुरुवातीलाच तपासतात. निराधार, खोडसाळ किंवा कायद्याने दाद मिळण्याजोगा नसलेला दावा तिथेच निकालात निघतो, फी परत मिळत नाही आणि कैद्याच्या नावावर एक ‘स्ट्राइक’, म्हणजे फेटाळलेल्या दाव्याची नोंद, बसतो. कायद्याने त्यात फी भरणारा आणि न भरणारा असा भेद केलेला नाही. अपील चालू असलं तरी स्ट्राइक धरला जातो (सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय, २०१५), आणि पुन्हा दावा लावण्याची मुभा ठेवून फेटाळला तरीही (त्याच न्यायालयाचा निर्णय, २०२०). तीन स्ट्राइकनंतर हप्त्यांची सवलत बंद. अपवाद एकच: दावा लावताना गंभीर शारीरिक इजेचा धोका समोर उभा असेल तर. पूर्वी कधी झालेली मारहाण त्यासाठी पुरत नाही.

म्हणून खात्यात खरोखर पैसे नसतील तर गरिबीचाच अर्ज करा, पण त्यात एकही पैसा लपवू नका. गरिबी खोटी ठरली तर दावा फेटाळण्याचं बंधनच कोर्टावर आहे. तीन स्ट्राइक झाले असतील आणि तसा धोका नसेल, तर घरून ४०५ डॉलर गोळा करणं एवढाच मार्ग उरतो.

दोन्ही वाटांनी जाताना आधी तुरुंगातली तक्रार-प्रक्रिया शेवटच्या पायरीपर्यंत पुरी करा आणि प्रत्येक कागदाची प्रत घरी मागवून ठेवा.