नऊ महिने एकाच पायवाटेवर: रविवारच्या जंगल फेरीचा आमचा अनुभव

मागच्या ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताहाच्या वेळी पोराच्या शाळेतून एक कागद आला होता, सातपुड्याच्या पायथ्याशी जे वन उद्यान आहे तिथे रविवारी सकाळी वनरक्षक स्वतः सोबत फिरून जंगल दाखवणार, माणशी 30 रुपये, लहान मुलांना फुकट. तेव्हापासून जूनपर्यंत आम्ही तेरा वेळा जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी, माझे मिस्टर, पाचवीतला मुलगा आणि सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आमची केळीची शेती आहे, घरापासून उद्यान 32 किलोमीटर. आता तेरा फेऱ्या झाल्यावर लिहिते आहे, कारण पहिल्या फेरीनंतर लिहिलं असतं तर पाचपैकी दोन दिले असते आणि ते फार चुकीचं झालं असतं. उद्यानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण खाली येईलच.

पहिल्या दिवशी खरंच निराशा झाली होती. आम्हाला जंगल म्हणजे पालला जायचं, सुकी धरण बघायचं, शेवभाजी खायची आणि संध्याकाळी घरी, एवढंच माहीत. इथे दोन तासात जेमतेम अडीच किलोमीटर चाललो आणि एकही मोठं जनावर दिसलं नाही. पोरगं दर दहा मिनिटांनी विचारत होतं, बिबट्या कधी येणार? वनरक्षक ताई (वयाने तिशीच्या आत असतील, सगळे त्यांना गार्ड ताईच म्हणतात) एका जागी उकिडव्या बसल्या आणि पोराला जवळ बोलावलं. वाटेच्या कडेला चुन्यासारखी पांढरी विष्ठा पडलेली. म्हणाल्या हे तरसाचं, तरस हाडं फोडून खातो, त्यातल्या कॅल्शियममुळे वाळल्यावर असं पांढरं पडतं. मग चार पावलं पुढे धुळीत उमटलेला पंजा दाखवला, बोटांपुढे नखांचे ठसे होते. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, तरसाची आणि कुत्र्याची नखं बाहेरच राहतात, म्हणून ठशात नख दिसलं तर बिबट्या नाही असं धरायचं. पोराने त्या दिवशी घरी येऊन खळ्यातल्या सगळ्या कुत्र्यांचे ठसे मोजले.

दसरा जवळ होता म्हणून त्यांनी आपट्याचं पान आणि अंजनाचं पान दोन्ही हातात दिलं. लांबून बघितलं तर सारखीच वाटतात. पण आपट्याचं पान एकच असतं, मधून खाच गेलेलं, आणि अंजनाची दोन पानं वेगवेगळी असतात, फक्त देठाशी जुळलेली. मी बोटाने चाचपून बघितलं तेव्हा कळलं. लोक तर कांचनच्या फांद्यासुद्धा आपटा म्हणून ओरबाडून नेतात. त्या दसऱ्याला आम्ही झाड तोडलं नाही, एकेका घरात एकच पान दिलं. अंजन आमच्या खानदेशात एवढं वाढतं आणि मला लग्नानंतर चौदा वर्षांनी ते ओळखता आलं, याचं मला स्वतःलाच वाईट वाटलं.

नोव्हेंबरात 5 ते 12 पक्षी सप्ताह असतो, 5 ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 ला सालिम अलींचा. त्या फेरीत ताईंनी रानपिंगळ्याची, म्हणजे जंगलातल्या एका छोट्या घुबडाची, गोष्ट सांगितली आणि माझ्यासाठी तरी इथून पुढे सगळंच बदललं. हा पक्षी 1873 मध्ये ह्यूम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जगासमोर आणला. 1884 मध्ये शेवटचा नमुना गोळा झाला तो आपल्या खानदेशातच. त्यानंतर 113 वर्षं कुणालाच सापडला नाही, नामशेष झाला असंच धरून चालले होते. मधल्या काळात माइनर्ट्झहागन नावाच्या एका लष्करी माणसाने संग्रहालयातला जुना नमुना चोरून, आपणच 1914 साली गुजरातेत मिळवला अशी खोटी चिठ्ठी त्याला लावून ठेवली होती, त्यामुळे शोधणारे भलतीकडेच शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी ती लबाडी पकडली, मग बाकीचे खरे नमुने जिथून मिळाले होते त्या जागा धरून त्या दोन सोबत्यांना घेऊन आल्या, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षी मिळाला तो शहाद्याजवळ. शहादा! माझी नणंद तिथे दिली आहे, आम्ही दर दिवाळीला जातो, आणि आमच्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं.

आबा मात्र पटवून घ्यायला तयार नव्हते. म्हणे, "अहो ताई, पिंगळा तं आमच्या खळ्यातल्या निंबावर रोजच बसतो, लहानपनापासून पाहू राह्यलो मी." ताई अजिबात चिडल्या नाहीत. "आबा, तुमच्या निंबावरचा तो साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात आणि तो बहुतेक संध्याकाळी निघतो. याचं डोकं जवळजवळ साफ असतं आणि हा दिवसाढवळ्या शिकार करतो, गावात येत नाही." आबा घरी आल्यावर तीन दिवस निंबाखाली खाट टाकून बसले आणि चौथ्या दिवशी मला म्हणाले, "ठिपके आहेत बरं का."

आणि जानेवारीत आम्हाला तो दिसला. सकाळचे साडेनऊ, ऊन चांगलं वर आलेलं, पानं गळालेल्या सागाच्या आडव्या फांदीवर मुठीएवढा गोळा बसलेला. वनमजूर दादांनी आधी ऐकला, हात वर केला, सगळे जागच्या जागी थांबलो. दुर्बिणीतून बघितलं तर डोकं करडं-तपकिरी साफ, छातीवर तपकिरी रंग भरलेला, खाली पोट पांढरं, पिवळे डोळे सरळ आमच्याकडे. दर थोड्या वेळाने शेपटी या बाजूहून त्या बाजूला झटकायचा. मग एकदम खाली झेप, पालापाचोळ्यात खसखस, आणि वर आला तेव्हा पायात सरडा. मी सहा-सात मिनिटं बघत असेन, मग दुर्बीण आबांना दिली आणि त्यांनी ती बराच वेळ परतच दिली नाही.

आता नाव का लिहीत नाही ते. फेब्रुवारीत आम्ही गेलो तर त्याच जागी चार जण मोठमोठ्या कॅमेऱ्यांचे ट्रायपॉड लावून उभे होते, आणि ब्लूटूथ स्पीकरवर रानपिंगळ्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज वाजवत होते. ताईंनी स्पीकर बंद करायला सांगितलं तर उलट म्हणे, आम्ही इतक्या लांबून आलोय, पाच मिनिटांत काय होतंय. होतं काय ते ताईंनी आम्हाला नंतर समजावलं. हे त्यांचे घरटं करायचे दिवस. आवाज ऐकून नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला, मग तो शिकार सोडून, ढोलीजवळची राखण सोडून भांडायला धावतो, आणि हे दिवसातून चार वेळा झालं तर पिल्लांना खायला कोण आणणार? शेवटी ताईंनी वायरलेसवर कळवलं तेव्हा ते गेले. मला इतका राग आला होता की परत येताना गाडीत कुणाशी बोलले नाही. जो पक्षी 113 वर्षं आपली जागा धरून राहिला त्याला एका फोटोसाठी हुसकवायचं, हे मला सहनच होत नाही. म्हणून ज्यांना यायचं त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या जवळच्या वन कार्यालयात विचारा, आणि पक्षी कुठे दिसला ते फोटोसोबत लोकेशन टाकून पसरवू नका, कळकळीची विनंती आहे.

फेब्रुवारीतच आवारात सापांचा कार्यक्रम झाला आणि शेतकरी म्हणून मला सगळ्यात उपयोगाचा तोच वाटला. जिवंत साप हाताळून दाखवायचा तमाशा नव्हता, फक्त मोठे फोटो आणि नीट माहिती. आपल्याकडे ज्यांच्यापासून जीव जातो असे मुख्य चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, आणि आपल्याकडे मिळणारं प्रतिविष या चौघांवर चालतं. घोणसाच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा आणि फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. मण्यार रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि कधीकधी चावलेलं कळतही नाही, म्हणून खळ्यात झोपणाऱ्यांनी खाटेवर मच्छरदाणी लावूनच झोपावं. चावल्यावर ब्लेडने कापायचं नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही, चावलेला हातपाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. आमच्या केळीच्या बागेत धामण निघाली की गडी काठी घेऊन धावायचे. धामण बिनविषारी, उंदरांचा फडशा पाडते. आता आबा स्वतः मध्ये उभे राहतात, "राहू दे रे भो, आपलंच काम करू राह्यली ती."

तक्रारी आहेत आणि त्या पण मनापासून लिहिते. नोंदणीचा फोन दहा वेळा लावावा तेव्हा एकदा उचलतात. वीस माणसांत दुर्बिणी दोन, त्यातली एक धूसर, त्यामुळे आम्ही शेवटी आमची विकत घेतली. बायकांसाठी स्वच्छतागृह आहे पण पाणी बहुतेक वेळा नसतं, तीन तासांच्या कार्यक्रमाला लहान मुलं आणि म्हाताऱ्या बायका येतात तिथे हे चालायला नको. एका अर्जुनाच्या झाडावर अंजनाची पाटी आहे, ताईंनी वर कळवलंय म्हणे, जूनपर्यंत तरी तशीच होती. आणि मार्चमध्ये एकदा आम्ही 32 किलोमीटर जाऊन बंद गेटवरून परत आलो, आदल्या रात्री वणवा लागला होता आणि सगळा स्टाफ तिकडे. त्याबद्दल तक्रार नाही, पण नोंदणी केलेल्यांना एक मेसेज टाकायला हवा होता.

पुढच्या फेरीत मात्र ताईंनी आम्हाला तीच जळालेली बाजू दाखवली. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, वारा सुटला की ती आग हाताबाहेर जाते. वणवा पुढे सरकू नये म्हणून आधीच पाला-गवत काढून किंवा जाळून मोकळा पट्टा करतात, त्याला जाळरेषा म्हणतात, त्या पट्ट्याच्या एका बाजूला काळी राख आणि दुसऱ्या बाजूला पिवळं गवत उभं, असं आम्ही डोळ्यांनी बघितलं. आग विझवायला यांच्याकडे काय, तर हिरव्या फांद्या आणि पाला उडवायचे ब्लोअर. ताईंच्या हातावर भाजल्याचा डाग होता, त्यांनी स्वतःहून सांगितला नाही, पोराने विचारलं म्हणून कळलं. धूर दिसला तर 1926 ला फोन करा एवढंच म्हणाल्या, तो नंबर आता आमच्या घरात सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन म्हणजे 45 च्या पुढेच, त्यामुळे फेरी पहाटे साडेपाचला असायची आणि आठला संपायची. सिमेंटच्या पाणवठ्यात टँकरने पाणी सोडतात, काठावरच्या चिखलात भेकर, रानडुक्कर, सायाळ सगळ्यांची हजेरी लागलेली असते. एकदा बिबट्याचा ठसा पण मिळाला, गोल, नखं नसलेला, कडेने चिखल अजून ओला. पोराने आधी ओळखला, कुणी सांगायच्या आत. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायला मात्र आमचा नंबर लागला नाही.

बिबट्या नऊ महिन्यांत एकदाही दिसला नाही. पोरगं आता विचारत पण नाही.

जूनच्या शेवटच्या फेरीला आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. लाल माती, तिच्यावर मृगाचे किडे, मखमलीचे थेंब सांडावेत तसे. एक किडा पोराच्या तळहातावर घेऊन ताईंनी दाखवलं, आठ पाय आहेत म्हणजे हा कीटक नाही, कोळ्याच्या गोतातला. वर पावशा ओरडत होता, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, आणि आबा खरंच अस्वस्थ झाले की कापसाची सरकी लावायची राहिली आहे. चातक पण त्याच दिवशी दिसला, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, सातभाईंच्या थव्याच्या मागे मागे. तो सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो म्हणून त्यांच्यावर नजर ठेवून असतो.

माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कमी फोनचा आणि स्वच्छतागृहाच्या पाण्याचा. जाणार असाल तर एकदा जाऊन ठरवू नका, थंडीत एक, उन्हाळ्यात एक आणि पाऊस पडल्यावर एक अशा तीन फेऱ्या तरी त्याच वाटेवर करा. मळकट रंगाचे कपडे, बूट, पाण्याच्या दोन बाटल्या, सेंट लावू नका. थंडीत गेलात तर आमच्यासारखी कळण्याची भाकरी आणि भरीत बांधून न्या, गेटजवळ बसायला जागा आहे, आणि गार्ड ताई व वनमजूर दादांना आग्रह करून बसवा कारण ते सकाळी सहापासून उपाशी असतात. पावसाळ्यात फेरी बंद असते, ऑक्टोबरची नोंदणी सुरू झाली की पहिल्या दिवशी नावं देणार आहोत, यावेळी पाच, नणंदेला शहाद्याहून बोलावलं आहे.