'फिल्मवर तपासलेली' लेन्स

रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी (लेन्समधून न बघता, वेगळ्या खिडकीत दोन प्रतिमा जुळवून फोकस लावतात तो) जुनी वाइड लेन्स घेणार असाल, तर विकणाऱ्याने पाठवलेल्या नमुन्याच्या फोटोंवर जाऊ नका. फोटो खरे असतात, लेन्सही तीच असते आणि तरीही तुम्ही गंडवले जाता. कसे ते सविस्तर सांगतो. मला हे ३२ हजारांना पडलं, आणि या माणसाचा मी पहिला बकरा नव्हतो.

लेन्स होती व्हॉइटलँडरची नॉक्टन क्लासिक, ३५ मिमी, एफ/१.४ (एफचा आकडा जितका लहान, तितकं ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, मोठं). नाव जर्मन, बनवते जपानची कोसिना. माझ्याकडचा बेसा आर२ए हा कॅमेराही त्यांचाच. दादरच्या फुलबाजारात पहाटे बल्बच्या उजेडात फोटो काढायचे, ही जुनी हौस. ४०० आयएसओच्या फिल्मवर एफ/२.८ ला शटर १/८ सेकंदावर येतं, तिथे हात हलतोच. एफ/१.४ ला दोन स्टॉप (म्हणजे चौपट उजेड) जास्त मिळतात, म्हणजे १/३०. त्यात रेंजफाइंडरला आरसा नाही, त्यामुळे झटका नाही. १/३० ला मजेत निभावतं.

विकणारा पुण्याचा. बोलायला गोड, विषयातला माहितगार. "सर, मिंट पीस आहे, फिल्मवर तपासलेली," म्हणाला आणि व्हॉट्सॲपवर फोटोंची रांग लावली. सगळे कडक, वर फिल्मचे दाणेसुद्धा. वाशीला भेटलो. टॉर्च मारून पाहिलं: बुरशी नाही, धुकं नाही, ॲपर्चरच्या पाकळ्यांवर तेल नाही. कॅमेऱ्यावर चढवून लांबच्या टॉवरवर रोखली, अनंताला (सगळ्यात लांबच्या फोकसला) दोन्ही प्रतिमा बरोब्बर जुळल्या. यूपीआयने पैसे दिले. "तीन दिवसांत काही वाटलं तर परत घेतो," हे तो आपणहून म्हणाला. यातली मेख फिल्मवाल्यांना लगेच कळेल. तीन दिवसांत रोल भरून, कुरिअरने लॅबला जाऊन, धुऊन, स्कॅन होऊन कुणाचा आलाय?

स्कॅन आले. झेंडूच्या ढिगामागे बसलेल्या मावशी, अंतर साधारण दोन मीटर, फोकस त्यांच्या डोळ्यावर. चेहरा लोण्यासारखा मऊ, आणि त्यांच्या खांद्यामागे उभ्या केलेल्या हातगाडीवर रंगवलेला नंबर मात्र स्वच्छ वाचता येतो. एफ/१.४ च्या प्रत्येक फ्रेमची हीच कथा, जे हवं त्याच्या मागचं धारदार. त्याच रोलवर दुपारी एफ/८ ला काढलेले फोटो मात्र ठीक.

त्याला पाठवले, तर उत्तर तयारच होतं. "सर, या लेन्सला फोकस शिफ्ट असतोच, नेटवर वाचा." आता यात अर्धं खरं आहे, म्हणून तर ते खपतं. या लेन्सला फोकस शिफ्ट आहे. ॲपर्चर बंद करत नेलं की फोकसची जागा मागे सरकते, आणि एफ/२.८ ते एफ/४ च्या आसपास ते खुपतं. पण ते बंद करताना. पूर्ण उघड्या ॲपर्चरला निरोगी लेन्सने जिथे रोखलं तिथेच लागायला हवं. माझी १.४ लाच मागे पळत होती. हे लिहून पाठवलं आणि नंबर ब्लॉक झाला.

फोर्टात बोरा बाजारात लेन्स उघडणारे एक जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी भिंगाखाली मागची आवळणारी रिंग दाखवली. रिंगच्या खाचांवरचा काळा रंग उडालेला, आतलं पितळ चकाकत होतं. "ही उघडलीय कुणीतरी. बुरशी काढलीय छान, पण परत बसवताना चकती खाल्लीय." काचांचा गठ्ठा फोकसच्या आट्यांमध्ये बसतो तिथे पत्र्याच्या पातळ चकत्या असतात. त्यातली मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी एक जरी गेली, तरी काचा फिल्मच्या तेवढ्या जवळ येतात आणि दोन मीटरवर लावलेला फोकस जवळजवळ २.४ मीटरवर पडतो. ३५ मिमीला एफ/१.४ वर, दोन मीटरला मागेपुढे मिळून जेमतेम पाऊण फूट ते एक फूट सवलत. म्हणजे खेळ खल्लास. एफ/८ ला तीच सवलत दीड मीटरच्या वर जाते, म्हणून दुपारचे फोटो वाचले.

मग माझी तपासणी का फसली? एसएलआरमध्ये, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, आपण लेन्समधूनच बघतो. रेंजफाइंडरमध्ये नाही. लेन्सच्या मागची कडा कॅमेऱ्यातल्या एका चाकाला ढकलते, आणि ते चाक व्ह्यूफाइंडरमधली दुसरी प्रतिमा सरकवतं. रिंग किती फिरली एवढंच चाकाला कळतं, आतल्या काचा कुठे बसल्यात याचा त्याला पत्ता नसतो. प्रतिमा जुळणार, फोटो हुकणार. आणि त्याचे ते कडक नमुने? ते मिररलेस डिजिटलवर ॲडॅप्टर लावून काढलेले. तिथे सेन्सरवरचं चित्र बघून फोकस लावतात, चकती असो-नसो. दाणे नंतर चढवले. व्हॉट्सॲपवर फोटो आला की त्यातली कॅमेऱ्याची माहिती गळून पडते, त्यामुळे पकडायला काही उरत नाही.

अनवधानाने झालं असेल, असंही मला वाटलं असतं. पण ओळखीच्या फिल्मवाल्यांच्या ग्रुपवर लेन्सचा सिरियल नंबर टाकला, तर नाशिकच्या एकाने लगेच लिहिलं, "हीच मी त्याला परत केली होती, हेच कारण सांगून." चॅटसुद्धा दिलं. त्या चॅटमध्ये हा गृहस्थ "हो सर, चकतीचं बघतो" म्हणतोय. ते सगळं जोडून पोलिसांत अर्ज दिलाय. जुनं ४२० म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं ३१८.

घेणाऱ्याने काय करावं, तर निगेटिव्ह मागावी. स्कॅन नको, पट्टी खिडकीला धरून, कडेचे फ्रेम नंबर दिसतील असा फोटो, आणि त्यातली एक फ्रेम पूर्ण उघड्या ॲपर्चरला दोन मीटरच्या आतली. शिवाय भेटायला जाताना रिकामा कॅमेरा, केबल रिलीज (शटर दाबायची तार) आणि दुधी चिकटपट्टी न्या. मागचं दार उघडून, फिल्म टेकते त्या आतल्या दोन कडांवर पट्टी ताणून चिकटवा, शटर 'बी' वर (दाबून ठेवाल तोवर उघडं राहतं) धरून ठेवा, आणि तिरपं ठेवलेलं वर्तमानपत्र भिंगातून पट्टीवर बघा. व्ह्यूफाइंडरमध्ये जी ओळ जुळवली तीच पट्टीवर धारदार दिसली पाहिजे. पट्टी शटरच्या पडद्याला लागू देऊ नका. आणि लायकासारख्या, पूर्ण दार न उघडणाऱ्या कॅमेऱ्यावर हे जमवणं कटकटीचं आहे; तिथे परतीची मुदत रोल धुऊन येईपर्यंतची, हे लेखी घ्या.

बोरा बाजारच्या कारागीर काकांनी चकती कापून बसवली, लेन्स आता बरोबर लागते. तो गृहस्थ सध्या एक २८ मिमी एफ/२ विकतोय. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या चादरीवर ठेवलेली, खाली तेच शब्द, "फिल्मवर तपासलेली". दिसली तर निगेटिव्ह मागून बघा.