एसीचा रिले बदलून साडेआठ महिने: गॅस दोनदा भरला, दोष भलतीकडेच निघाला

माझ्या गाडीच्या एसीचा नवा रिले साडेआठ महिन्यांत एकदाही रुसला नाही, हे आधीच सांगून टाकते. रिले म्हणजे छोट्या करंटच्या हुकमावर मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच. काडेपेटीहून लहान अशी ही डबी बसवायला दोन मिनिटं लागतात. तिच्यापर्यंत पोचायला मला अख्खा उन्हाळा लागला. त्यामुळे हा अनुभव रिलेचा कमी आणि त्या उन्हाळ्याचा जास्त आहे.

लक्षण असं होतं. सकाळी गाडी काढली की एसी झकास. वीस-पंचवीस मिनिटं झाली की हवा कोमट व्हायची. पंखा तेवढ्याच जोरात, बटणावरचा दिवा चालू, गारवा तेवढा गायब. गाडी अर्धा तास उभी केली की पुन्हा सगळं सुरळीत. गॅरेजमध्ये नेली. ‘ताई, गॅस कमी झालाय, भरून देतो.’ भरला, गार झाली. पुढचे दोन दिवस जवळच्या जवळच फेऱ्या होत्या, म्हणून काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी लांब गेले आणि परत तेच. दुसरं गॅरेज गाठलं. तिथेही गॅसच.

आता मागे वळून पाहिलं की स्वतःचाच राग येतो. गळून गेलेला गॅस अर्ध्या तासात परत येत नाही! गाडी थांबवल्यावर जे आपोआप बरं होतं ते गॅसचं दुखणं नसतं, हे साधं गणित मला सुचलं नाही. दोन्ही गॅरेजमध्ये गाडी बॉनेट उघडं टाकून तासभर उभी होती. तेवढ्यात जे थंड व्हायचं ते थंड झालं आणि श्रेय गॅसला गेलं. वर आणखी एक ताप झाला. एसीचा गॅस वजनावर भरायचा असतो, बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये आकडा छापलेला असतो. माझ्या गाडीत आधीचा न काढताच वरून भरला होता. नंतर तो सगळा काढून, मोजून पुन्हा भरून घ्यावा लागला.

दोष सापडला तो दिवस सांगते. अर्धा तास गाडी फिरवली, हवा कोमट झाल्याबरोबर थांबले, इंजिन आणि एसी चालूच ठेवले आणि बॉनेट उघडलं. (मोकळे केस आणि सैल बाह्या आवरून. पट्टा फिरत असतो.) कॉम्प्रेसरची, म्हणजे एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाची, पुली पट्ट्याबरोबर कायम फिरते, पण तिच्या तोंडावरची प्लेट क्लच (विजेच्या कॉइलने प्लेट ओढून धरणारी पकड) पकडल्याशिवाय फिरत नाही. प्लेट निवांत उभी होती. म्हणजे कॉम्प्रेसर चालतच नव्हता. गार हवा येणार कुठून?

क्लच न पकडण्याची कारणं बरीच. गॅस खरंच कमी असेल तर प्रेशर स्विच अडवतो, जास्त असेल तरी अडवतो. इंजिन तापलं तर कंट्रोल युनिट एसी तोडतं. क्लचची प्लेट झिजून फट वाढली असेल तर कॉइल तापल्यावर तिच्यात प्लेट ओढून घ्यायची ताकद उरत नाही, आणि याचं लक्षण हुबेहूब माझ्यासारखंच असतं. बाष्पीभवन होतं त्या जाळीवर बर्फ साचला तरी गारवा जातो, पण तेव्हा हवेचा जोरही कमी होतो. माझ्याकडे जोर होता, म्हणून ते बाद.

बाकीच्यांची वाटणी एका टेस्ट लॅम्पने झाली. क्लचचं कनेक्टर सोडवून वायरिंगच्या बाजूला लॅम्प लावला. वीज येत असेल आणि प्लेट ओढली जात नसेल तर दोष क्लचचा. वीजच येत नसेल तर दोष मागे कुठेतरी. लॅम्प जेमतेम लुकलुकला आणि विझला. इथे लॅम्पच हवा, नुसत्या मल्टीमीटरवर विसंबू नका. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे जळक्या काँटॅक्टमधूनही (स्विचमधली एकमेकांना टेकणारी टोकं) तो ऐटीत १३ व्होल्ट दाखवतो. माझ्या मीटरने दाखवले आणि पाऊण तास घालवला.

मग फ्यूज बॉक्स. झाकणाच्या चित्रावर एसीचा रिले शोधला, त्यावर बोट ठेवलं आणि नवऱ्याला आत बसवून बटण बंद-चालू करायला सांगितलं. दर वेळी बोटाला स्पष्ट ‘टक्’ लागत होती. त्या एका टक्मध्ये भरपूर माहिती आहे. रिलेच्या कॉइलपर्यंत हुकूम पोचतोय, म्हणजे बटण, प्रेशर स्विच, कंट्रोल युनिट सगळे राजी आहेत. कॉइल जिवंत आहे. फ्यूज मी आधीच पाहिला होता, शाबूत होता. उरला रिलेच्या पोटातला काँटॅक्ट. ‘टक् येते म्हणजे रिले चांगला’ असं ठामपणे सांगणारे मला दोघं भेटले. टक् आली म्हणजे आतली पट्टी हलली, एवढंच. हलून ती नीट टेकली का, हे टक् सांगत नाही.

खात्री करायला हॉर्नचा रिले काढून तिथे लावला. दोघांवर एकच नंबर छापलेला होता. नंबर जुळत नसेल तर अदलाबदल करू नका. काही रिलेंमध्ये आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, तो उलटा पडला तर फ्यूज उडतो किंवा त्याहून वाईट काही होतं. अदलाबदल केल्यावर एसी गार, आणि गंमत म्हणजे हॉर्नही व्यवस्थित वाजला. मी पुन्हा गोंधळले. पण हॉर्न सेकंदभर वाजतो, क्लच मात्र मिनिटंच्या मिनिटं करंट ओढत राहतो. गाडी जागेवर उभी ठेवून तासभर एसी चालवला, हॉर्नच्या रिलेवर एकदाही तुटला नाही. तेव्हा कुठे मनाचं समाधान झालं.

३० आणि ८७ या पिनांमध्ये (रिलेच्या काँटॅक्टची दोन टोकं) वायर टाकून क्लच थेट चालवून बघण्याचा मार्गही आहे. तो मी फार तर पाच सेकंद वापरेन, तोही फ्यूज असलेल्या वायरने. प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला वाचवायला असतो आणि या वायरने आपण त्यालाच बाजूला सारतो.

जुना रिले घरी आणून मोजला. कॉइल (८५ आणि ८६) थंड असताना ९२ ओहम. तापवल्यावर ११२ झाली, पण तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतोच, त्यात गैर काही नाही. मग पुन्हा गाडीत बसवून, पिना जराशा दिसतील इतका वर ओढून, ३० आणि ८७ यांच्यावर मीटर धरला. एसी चालू, क्लच पकडलेला. इथे शून्याच्या आसपास दिसायला हवं. दिसलं ०.४, मग ०.९, मग १.८ व्होल्ट, आणि क्लच सुटला त्या क्षणी आकडा एकदम १३ च्या वर. क्लचची कॉइल ३.६ ओहमची आहे. म्हणजे १.८ व्होल्ट काँटॅक्टवर अडकले तेव्हा त्या डबीत सुमारे ६ वॅट उष्णता होत होती. रिलेची स्वतःची कॉइल दोनेक वॅटवर भागवते. तापतो म्हणून काँटॅक्ट बिघडतो, बिघडतो म्हणून आणखी तापतो. माझ्या वीस-पंचवीस मिनिटांचा उलगडा इथे झाला.

डबीचं टोपण पातळ स्क्रूड्रायव्हरने उचकटलं. आत मसुराच्या दाण्याएवढे दोन काँटॅक्ट, दोन्ही काळेठिक्कर. भिंगातून पाहिलं तर एकावर बारीक खड्डा आणि समोरच्यावर नेमकी तेवढीच टेकडी. करंट कायम एकाच दिशेने जात असल्यामुळे ठिणगीबरोबर एकीकडचा धातू दुसरीकडे जाऊन बसतो. क्लच ही मोठी कॉइल. ती बंद होताना उलटा झटका मारते आणि ठिणगी पडते. तो झटका गिळायला वायरिंगमध्ये डायोड असतो, माझा ठीक होता. अशी झीज उलट्या टोकालाही जाऊ शकते. काँटॅक्ट एकमेकांना चिकटले तर एसी बंद केला तरी कॉम्प्रेसर चालूच राहतो. ते लवकर कळत नाही आणि जास्त महागात पडतं.

आता नव्या रिलेकडे, किंवा खरं तर दोन नव्या रिलेंकडे.

पहिला पाचच आठवडे टिकला. दिसायला जुळा, अंगावर ४० अँपिअरचा भारदस्त आकडा, हातात मात्र हलका. पाचव्या आठवड्यात फ्यूज बॉक्सजवळ तापलेल्या प्लास्टिकचा वास आला आणि एसी पुन्हा तुटायला लागला. स्वस्तातला माल म्हणून मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. दुसरा, गाडीला मूळचा असतो तसाच, आणला आणि या वेळी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे बसवायला गेले. त्या काकांनी नवा रिले हातातही घेतला नाही. जुन्या रिलेची एक पिन पक्कडीने मोडली आणि सॉकेटच्या एकेका भोकात घालून बाहेर ओढत गेले. तीन ठिकाणी पिन नीट अडत होती. ८७ च्या भोकातून ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. ‘ताई, रिले कितीही बदला, याचा जबडाच ढिला आहे.’ बॅटरी मारून पाहिलं तर त्या भोकाची कड तपकिरी झालेली. मी ती दहा वेळा तरी पाहिली असेन, धूळ समजून.

त्यांनी आतलं टर्मिनल बदललं, वायरचं जळकं टोक कापून नवीन दाबून बसवलं, मग रिले घातला. म्हणजे पहिल्या नव्या रिलेला घातलेल्या शिव्यांतल्या निम्म्या तरी मला परत घ्याव्या लागतील. मूळच्या रिलेचा जीवही या ढिल्या जबड्यानेच खाल्ला असावा, असं माझं मत आहे. तो जुळा रिले आता अडीअडचणीसाठी डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो.

साडेआठ महिन्यांत तक्रारी म्हणाल तर दोन. नव्या रिलेची टक् मोठी आहे, रेडिओ बंद असेल तर आत बसून ऐकू येते. सुरुवातीला दचकायला व्हायचं, आता तीच ऐकून धीर वाटतो. दुसरं म्हणजे त्याची डबी किंचित उंच असल्यामुळे फ्यूज बॉक्सचं झाकण जोर लावूनच बसतं. पावसाळ्यात तीनदा उघडून पाहिलं, ओल नव्हती.

पाचव्या महिन्यात एकदा पोटात गोळा आला. सिग्नलला उभं राहिलं की हवा कोमट, गाडी पळाली की गार. पण या वेळी कुठे पाहायचं ते माहीत होतं. कंडेन्सरचा (एसीचा गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा फिरत नव्हता, त्यामुळे उभ्या गाडीत प्रेशर चढून स्विच कॉम्प्रेसर तोडत होता. पंख्याचं कनेक्टर सुटलं होतं. दहा मिनिटांचं काम, गॅरेजचं तोंडही पाहिलं नाही.

हे सगळं क्लच असलेल्या कॉम्प्रेसरबद्दल आहे. काही गाड्यांत कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, तो कायम फिरतो आणि आतला व्हॉल्व्ह त्याचं काम कमी-जास्त करतो. तिथे ही टक् शोधत बसू नका. काही गाड्यांत रिले फ्यूज बॉक्सच्या आतल्या बोर्डावरच डाग देऊन बसवलेला असतो, तो असा उपटून निघत नाही. आणि पंखा फक्त सगळ्यात वरच्या वेगावर चालत असेल तर ब्लोअरच्या (आतल्या पंख्याच्या) रेझिस्टरकडे पाहा.

दर महिन्याला अर्धा तास गाडी चालवून झाली की ३० आणि ८७ यांच्यावर मीटर धरते. पहिल्या महिन्यात ०.०४ व्होल्ट होते, परवा ०.०६. आकडे फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेत, आणि त्यांच्याखाली: ०.२ झालं की आधी जबडा तपासणे, मग रिले.