फुले दाबण्याचा लाकडी संच : प्रेस जरूर घ्यावा, सोबतची फ्रेम वापरू नये

मागच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मी फुले दाबून त्यांची चित्रे तयार करण्याचा एक संच ऑनलाइन मागवला आणि त्यानंतर वर्षभर तो नियमित वापरला. आठ इंची चौरस लाकडी प्रेस, टिपकागद, पुठ्ठ्याचे थर, चिमटा, गोंदाची बाटली, पांढरी कार्डे आणि दोन फ्रेमा एवढे साहित्य १,४५० रुपयांना मिळाले. विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण याच धाटणीचे संच बरेच जण विकतात आणि त्यांतले गुणदोषही बहुधा सारखेच असावेत. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकताना ४२ बाय २९ सेंटिमीटरच्या हर्बेरियम शीटवर, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती जपून ठेवायच्या जाड कागदावर, मी पुष्कळ नमुने चिकटवले होते. तेव्हा आम्ही वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये फुले ठेवून वर ट्रंक ठेवत असू, त्यामुळे चांगला दाब कसा हवा याची मला थोडीफार कल्पना आहे.

त्या कसोटीवर हा प्रेस उत्तम उतरला. दोन जाड फळ्या चार कोपऱ्यांतल्या बोल्टांनी आवळल्या जातात आणि नट हाताने फिरवता येतात, त्यामुळे पाना लागत नाही. समोरासमोरचे नट आळीपाळीने फिरवले की दाब सगळीकडे सारखा बसतो. पहिल्या रात्रीत फुलातले पाणी उतरून त्याची जाडी कमी होते, म्हणून दुसऱ्या दिवशी टिपकागद बदलून नट पुन्हा आवळावे लागतात; हे एवढे महत्त्वाचे काम माहितीपत्रकात लिहिलेलेच नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत माझी फुले आठवड्याभरात कुरकुरीत वाळली, तर श्रावणात तीन आठवडे लागले आणि एका थरावर बुरशीही आली.

प्रेस लहान असल्याचा खरा फायदा मला शेतात कळला. परभणीजवळ माझ्या जावेच्या शेतात हरभऱ्याच्या कडेने जवसाच्या ओळी असतात. जवसाचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत त्याच्या पाकळ्या गळून पडतात, त्यामुळे ते घरी आणून दाबेपर्यंत हातात नुसते देठ उरते. मी प्रेस पिशवीत घालून बांधावरच बसले, दव पूर्ण उडाल्यावर साडेनऊच्या सुमारास फूल खुडले आणि जागच्या जागी टिपकागदावर पालथे ठेवले. पाच पाकळ्या आणि त्यांवरच्या गडद शिरा जशाच्या तशा उतरल्या. कर्डईचे बोंड मात्र जाड आणि काटेरी असल्याने ते ब्लेडने उभे चिरून अर्धेच दाबावे लागले. झेंडू आणि शेवंतीलाही हीच युक्ती लागते.

पुठ्ठ्याबद्दल एक तक्रार आहे. तो नालीदार असल्याने नट जास्त आवळले की पाकळ्यांवर समांतर रेघा उमटतात. दोन्ही बाजूंना टिपकागदाचा एकेक थर वाढवला की हा दोष जातो, पण संचातले टिपकागद त्यासाठी पुरत नाहीत आणि ते वेगळे आणावे लागतात.

खरी निराशा फ्रेमेने केली. जवस, कर्डई आणि कापसाचे गुलाबी पडलेले फूल यांचे पहिले चित्र मी संचातल्याच कार्डावर, संचातल्याच फ्रेमेत बसवले आणि फेब्रुवारीत बैठकीच्या खोलीत लावले. तिथे दुपारी तासभर ऊन येते. जून संपेपर्यंत कर्डईचा केशरी-लाल रंग वाळक्या कडब्यासारखा झाला आणि कार्ड कडेने पिवळे पडले. कर्डईच्या पाकळ्यांपासून पूर्वी कापड रंगवत आणि तो लाल रंग उन्हात टिकत नाही हे मला ठाऊक होते, म्हणून जागा चुकीची निवडल्याचा दोष माझा आहे. कार्ड पिवळे पडले ते मात्र त्याच्या दर्जामुळे. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात लिग्निन हा लाकडातला घटक राहतो आणि उजेडाने तो पिवळा पडतो. फुले वर्षानुवर्षे राहावीत म्हणून घेतलेल्या संचात असे कार्ड देणे मला योग्य वाटत नाही.

याहून मोठे नुकसान दिवाळीच्या साफसफाईत झाले. या फ्रेमेला काच नसून प्लास्टिकचा पत्रा आहे. तो मी कोरड्या फडक्याने पुसला आणि बघता बघता जवसाच्या दोन पाकळ्या कार्डावरून सुटून आतून पत्र्याला जाऊन चिकटल्या. घासल्याने प्लास्टिकवर विद्युतभार साचतो आणि वाळलेली पाकळी इतकी हलकी असते की तेवढी ओढही तिला पुरते. बांधावर बसून टिपलेले ते फूल डोळ्यांसमोर विस्कटले, याचे मला फार वाईट वाटले.

दुसरे चित्र मी वेगळ्या पद्धतीने केले आणि संच घेणाऱ्यांनी तसेच करावे असे माझे मत आहे. खाली दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद वापरला. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळाशी तिथल्या कागदाची परंपरा जोडली जाते. सुती चिंध्यांच्या लगद्यात लिग्निन जवळजवळ नसते, शिवाय त्या कागदाच्या किंचित खरखरीत पोतावर जवसाचा निळा रंग फार शोभतो. देवांच्या तसबिरी करणाऱ्या गावातल्या कारागिराने लाकडी पट्टी, साधी काच आणि मागे हार्डबोर्ड लावून फ्रेम ३८० रुपयांत करून दिली. "ताई, काच फुलाला टेकू देऊ नका, पावसाळ्यात ओल धरेल," असे सांगून त्याने दुहेरी माउंट, म्हणजे काच आणि चित्र यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, घातले आणि मागची फट कागदी पट्टीने बंद केली. संचातला गोंद वाळल्यावर चकाकतो, म्हणून तो पाण्याने पातळ करून काडीच्या टोकाने फक्त देठाला आणि मधोमध लावला. गव्हाच्या पिठाची खळ वापरणार असाल तर पुस्तकबांधणीवाले घालतात तसा त्यात चिमूटभर मोरचूद घालावा, नाहीतर कसर लागते.

विक्रेत्याला मी पिवळ्या कार्डाचे छायाचित्र पाठवले, तेव्हा त्यांनी तशीच दोन नवी कार्डे पाठवून दिली. उत्तर तत्परतेने आले, पण त्याचा उपयोग झाला नाही. चौकशी केल्यावर मात्र त्यांच्याकडे नुसता प्रेस ७५० रुपयांना मिळतो असे समजले. तोच मागवावा आणि उरलेल्या पैशांतून कागद, काच आणि फ्रेम आपल्या गावात करून घ्यावी. माझी दुसरी तसबीर आता देवघराबाहेर, घराच्या आतल्या भिंतीवर आहे, जिथे थेट ऊन येत नाही.